माशांच्या पोटांतील कृमि आणि त्यांचें निवारण

कांचेच्या पेटींत पाळलेला मासा आजारी पडला म्हणजे त्याचें दुखणें बरेच दिवस कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. गाय हंबरते, कुत्रें कण्हतें, घोडा खूर आपटतो. मासा यांपैकीं कांहींच करीत नाहीं. भुसावळनजीक दीपनगर येथें औष्णिक विद्युत् केंद्राची वसाहत उभी राहिली. तेथील घरांत काय, किंवा जळगांव-धुळ्याच्या सुखवस्तु बैठकींत काय, खिडकीपाशीं रंगीत माशांची पेटी मांडण्याची हौस आतां कोणास नवी नाहीं. अशा घरांतील अनुभव बहुधा एकसारखाच असतो. मासा खातो, पण तें त्याच्या अंगीं लागत नाहीं. पोट खपाटीला जातें, पाठ धारेसारखी निघते, रंग फिका पडतो, आणि विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबूं लागते. मग एके दिवशीं घरांतलें एखादें चौकस मूल पेटीला नाक लावून पाहतें, आणि माशाच्या गुदद्वाराशीं तांबड्या रंगाचे दोनचार केसासारखे धागे त्याला दिसतात. मासा स्थिर उभा राहिला कीं ते बाहेर डोकावतात. हलला कीं आंत ओढले जातात. ते धागे जिवंत असतात. ते माशाच्या आंतड्यांत राहणारे कृमि होत.

पेटी तर बंद, पाणी नळाचें, खाद्य दुकानांतून आणलेलें. मग हा कृमि आला कोठून? प्रश्न साधा दिसतो, परंतु तो सोडविण्यास विद्वानांना दोन शतकें लागलीं. आणि नवल असें कीं, त्याचें उत्तर सांपडलें तेव्हां त्याचा पहिला लाभ माशांना झालाच नाहीं. तो झाला पायविहिरीवर पाणी भरणाऱ्या माणसांना. माशाच्या पोटांतील एका क्षुद्र कृमीनें मनुष्याच्या एका फार जुन्या रोगाचें मूळ दाखवून दिलें, आणि त्या कथेंतील एक महत्त्वाचा अध्याय मुंबईंत परळ येथें लिहिला गेला.

कृमींची ओळख आपल्या वैद्यकाला नवी नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानांत वीस प्रकारचे कृमि सांगितले आहेत, आणि त्यांच्या चिकित्सेचीं तीन अंगें दिलीं आहेत. पहिलें अपकर्षण, म्हणजे कृमि ओढून अगर औषधानें बाहेर काढणें. दुसरें प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितींत तो पोसला जातो ती परिस्थिति मोडणें. तिसरें निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणानें तो होतो तें कारणच टाळणें. ही त्रिसूत्री लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढील सर्व इतिहास म्हणजे या तीन सूत्रांपैकीं कोणतें कोठें उपयोगीं पडलें याचीच हकीकत आहे. हत्तीच्या वैद्यकासाठीं पालकाप्याचें नांव घेतलें जातें, घोड्याच्या वैद्यकासाठीं शालिहोत्राचें. माशाला मात्र तशा तोलाचा वैद्य लाभला नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचीं राहण्याचीं स्थानें, त्यांना घालावयाचें खाद्य, यांचें वर्णन त्यांत आढळतें. परंतु राजाचा विनोद मासा गळाला लावण्यांत होता, त्याचें दुखणें बरें करण्यांत नव्हता.

युरोपांतहि पुष्कळ काळपर्यंत असा समज होता कीं, कृमि हे ज्याच्या त्याच्या शरीरांतच आपोआप उपजतात. अन्न नासलें कीं किडे होतात, तसें पोट बिघडलें कीं जंत होतात, इतकीच त्याची उपपत्ति. इटलींतील फ्रान्सेस्को रेडी यानें १६८४ सालीं प्राण्यांच्या शरीरांत राहणाऱ्या प्राण्यांविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें पशु, पक्षी व मासे चिरून त्यांतील कृमि पाहिले, त्यांचीं चित्रें काढविलीं. तथापि कृमि एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत जातो कसा, हें कोडें तसेंच राहिलें. पुढें १८४२ मध्यें डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यानें असें प्रतिपादन केलें कीं, कांहीं कृमि आपल्या आयुष्यांत अनेक रूपें घेतात. एका रूपावरून दुसरें ओळखूंहि येत नाहीं. त्यानंतर विद्वानांची दृष्टि पालटली. कृमीचें एक घर पाहून भागत नाहीं, त्याचें दुसरें घर शोधलें पाहिजे, हा विचार रूढ झाला.

हें दुसरें घर माशांच्या बाबतींत ज्यानें शोधलें तो जर्मन पंडित रुडॉल्फ लॉयकार्ट. युरोपांतील नद्यांत पर्च नांवाचा मासा असतो. त्याच्या आंतड्यांत तांबडा कृमि राहतो. या कृमीची मादी अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलेंच प्रसवते. तीं पिलें पाण्याच्या तळाशीं वळवळत पडतात. लॉयकार्टनें १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत असें दाखविलें कीं, हीं पिलें सायक्लॉप्स नांवाच्या एका जलजीवाच्या पोटांत शिरतात व तेथें वाढतात. सायक्लॉप्स हा खसखशीच्या दाण्याहून मोठा नसलेला, झिंग्याच्या दूरच्या नात्यांतला प्राणी. कपाळाच्या मध्यभागीं एकच डोळा असतो, म्हणून ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसाचें नांव त्याला मिळालें. डबकें, तळें, विहीर, कोठेंहि तो विपुल असतो, आणि तो लहान माशांचें आवडतें भक्ष्य आहे. तेव्हां मासा सायक्लॉप्स खातो, आणि त्याच्याबरोबर कृमीहि गिळतो. कोडें सुटलें. कृमि आपोआप उपजत नव्हता. तो जेवणाच्या घांसांतून येत होता.

आतां क्षणभर माशांना सोडून माणसांकडे वळलें पाहिजे. महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतील वृद्ध माणसांना ‘नारू’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाहीं. भावप्रकाशासारख्या ग्रंथांत स्नायुक म्हणून ज्याचें वर्णन आहे, तोच हा रोग. पायाला फोड येतो, आग होते, आणि फोड फुटून त्यांतून शेवईसारखा पांढरा कृमि डोकावूं लागतो. त्याची लांबी हात-दीड हात, कधीं त्याहूनहि अधिक. त्याला काडीवर गुंडाळून दररोज बोट-दोन बोटें ओढावयाचें, आणि अशा रीतीनें कित्येक आठवड्यांनीं तो सबंध बाहेर काढावयाचा, एवढीच चिकित्सा. म्हणजे चरकाचें अपकर्षण, तेंहि अत्यंत क्लेशदायक. मध्येंच कृमि तुटला तर पाय सुजून पिकतो, आणि माणूस महिनेच्या महिने अंथरुणास खिळतो. पेरणीच्या अगर कापणीच्या दिवसांत घरांतील कर्ता मनुष्य असा पडला म्हणजे त्या घराचें वर्षच बुडालें. हा रोग हवेनें होतो, चिखलानें होतो, खाण्यानें होतो, असे नाना तर्क चालत. पण निश्चित कारण कोणास ठाऊक नव्हतें.

तें कारण माशाच्या कृमीनें सांगितलें. नारूच्या फोडांतून पाण्यांत पडणारीं सूक्ष्म पिलें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं असतां तीं पर्च माशाच्या कृमीच्या पिलांसारखींच दिसत. तेव्हां त्यांचाहि मार्ग सायक्लॉप्समधूनच जात असेल काय, अशी शंका लॉयकार्टला आली, आणि ती त्यानें अलेक्सेइ फेदचेंको या तरुण रशियन संशोधकाला सुचविली. फेदचेंको हा आपली पत्नी ओल्गा, जी स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होती, हिच्यासह तुर्कस्तानच्या प्रवासांत होता. १८७० च्या सुमारास समरकंद येथें त्यानें नारूचीं पिलें सायक्लॉप्स असलेल्या पाण्यांत सोडलीं, आणि तीं त्या जलजीवांच्या शरीरांत शिरून वाढतांना प्रत्यक्ष पाहिलीं. एवढा मोठा शोध लावणारा हा पुरुष १८७३ मध्यें, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आंतच, आल्प्स पर्वतांतील हिमनदीवर मृत्यु पावला.

तरी एक दुवा शिल्लक होता. सायक्लॉप्स मनुष्याच्या पोटांत गेल्यावर पुढें काय होतें? इंग्रज शास्त्रज्ञ लायपर यानें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नारूचा अभ्यास केला. जठरांत असतें तितकें सौम्य आम्ल पाण्यांत घातल्याबरोबर सायक्लॉप्स मरतात, पण त्यांच्या पोटांतील पिलें मात्र अधिकच चपळ होऊन बाहेर पडतात, असें त्याला आढळलें. पुढें १९०६ मध्यें माकडाला असे सायक्लॉप्स चारून, सहा महिन्यांनीं त्याच्या शरीरांत वाढलेले नारूचे कृमि त्यानें दाखविले. राहतां राहिला मनुष्य. तो दुवा परळ येथें जोडला गेला. हाफकिन यांनीं १८९६ मध्यें प्लेगच्या संशोधनासाठीं सुरू केलेली, १८९९ मध्यें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेलेली, व १९०६ पासून बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नांवानें चाललेली ती प्रयोगशाळा. १९२५ मध्यें तिलाच हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. तेथें डॉ. डी. ए. तर्खड यांनीं नारूचा प्रश्न हातीं घेतला, आणि दूषित सायक्लॉप्स गिळल्यानें मनुष्याला नारू होतो हें मनुष्यावरील प्रयोगानेंच सिद्ध केलें. त्यांचें लेखन १९१४ मध्यें प्रसिद्ध झालें. पर्च माशाच्या आंतड्यापासून निघालेला धागा अशा रीतीनें मुंबईंत येऊन पुरा झाला.

कारण कळलें, तशी उपायाची दिशाहि कळली. दोष पाण्याच्या जातींत नव्हता, विहिरीच्या बांधणींत होता. पायविहिरींत अगर बारवेंत माणूस पायऱ्या उतरून पाण्यांत उभा राहतो. नारूच्या फोडाला गार पाणी लागलें कीं कृमि आपलीं लक्षावधि पिलें पाण्यांत सोडतो. तीं सायक्लॉप्स गिळतात, दोन आठवड्यांत तीं तयार होतात, आणि दुसरा माणूस तेंच पाणी घागरींत भरून घरीं नेतो. वर्षभरानें त्याच्या पायाला फोड येतो, आणि तोहि त्याच पायऱ्या उतरतो. आडांतून दोरानें पाणी ओढणाऱ्या गांवांत हें चक्र चालूच शकत नाहीं. म्हणून पायऱ्या बुजवाव्या, विहिरीला कठडा बांधावा, पाणी दुहेरी फडक्यांतून गाळावें, असे उपाय पुढें आले. त्यांतच आणखी एक उपाय असा निघाला कीं, विहिरींत सायक्लॉप्स खाणारे मासे सोडावेत. म्हैसूर संस्थानांतील चितळदुर्ग जिल्ह्यांत डॉ. मूर्ती यांनीं १९३० नंतरच्या दशकांत बार्बस व रासबोरा जातींच्या लहान माशांवर असे प्रयोग केले. यांतीलच कांहीं चिमुकले मासे आज हौशी लोकांच्या कांचेच्या पेट्यांत शोभेसाठीं पाळले जातात. जो मासा कृमीचा बळी, तोच कृमीचा वैरी ठरला.

गप्पी माशाची कथाहि अशीच उलटसुलट आहे. दक्षिण अमेरिकेकडील हा मासा १९१० च्या सुमारास हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठीं हिंदुस्थानांत आणला गेला; त्याचा भाऊबंद गंबूशिया १९२८ मध्यें आला. महाराष्ट्रांतील नगरपालिका व ग्रामपंचायती हौदांत, टाक्यांत गप्पी सोडीत आल्या आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मनुष्याचा हा सेवक स्वतः मात्र कृमींचें मोठें आश्रयस्थान आहे. पर्च माशांतील कृमीच्याच कुलांतला एक तांबडा कृमि जपानांत फुजिता या शास्त्रज्ञानें १९२७ मध्यें वर्णिला. शास्त्रांत त्याला कॅमॅलॅनस कोट्टी म्हणतात. शोभेच्या माशांच्या व्यापाराबरोबर तो पूर्व आशियांतून जगभर पसरला, आणि गप्पी हा त्याचा नेहमींचा यजमान बनला. त्याच्या तोंडाशीं शिंपल्याच्या दोन दळांसारखी कठीण पेटिका असते. तिनें तो आंतड्याची भिंत घट्ट धरतो व रक्त शोषतो. दीपनगरच्या पेटींतील मुलाला दिसलेले तांबडे धागे बहुधा याचेच असतात.

दुसरा वर्ग चपट्या फीतकृमींचा. याच्या अभ्यासांत मराठी मुलखाचें नांव आदरानें घ्यावें लागतें. नागपूरचे प्रा. एम्. ए. मोघे यांनीं १९२५ मध्यें मांगूर माशाच्या आंतड्यांतील एका नव्या कृमीचें वर्णन केंब्रिजहून निघणाऱ्या ‘पॅरॅसिटॉलॉजी’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. फीतकृमीचें शरीर बहुधा कांड्याकांड्यांचें असतें. हा कृमि मात्र अखंड, विनाकांड्यांचा. पुढें औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठांत प्रा. जी. बी. शिंदे यांनीं माशांतील फीतकृमींच्या संशोधनाची परंपराच निर्माण केली. १९६८ मध्यें त्यांनीं मरळ जातीच्या माशांतील कृमीवरून एक नवें कुल स्थापिलें. या नामकरणाच्या कामाचा सामान्य माणसास काय उपयोग, असें कोणी विचारील. उपयोग हा कीं, कृमीचें कुल कळलें म्हणजे त्याचें दुसरें घर कळतें. मोघे यांच्या कृमीचें कुल पाण्याच्या तळच्या गाळांत राहणाऱ्या बारीक गांडुळवर्गीय किड्यांतून माशांत जातें. आणि ट्युबिफेक्स नांवाचे याच वर्गांतले तांबडे किडे हौशी लोक माशांचें पौष्टिक खाद्य म्हणून दुकानांतून जिवंत विकत आणतात! यजमान स्वतःच्या हातानें पाहुण्याला घरांत घेतो तो असा.

माशांच्या घरगुती पालनाचा इतिहास तसा अर्वाचीन आहे. लंडनमध्यें १८५० च्या सुमारास वॉरिंग्टन यानें असें दाखविलें कीं, कांचेच्या भांड्यांत पाणवनस्पति व मासे यांचा मेळ घातला तर पाणी बरेच दिवस निर्मळ राहतें. १८५३ मध्यें तेथील प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. हिंदुस्थानांत मद्रासचें मत्स्यालय १९०९ मध्यें, आणि मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्यें सुरू झालें. त्यानंतर मत्स्यपेटी मध्यमवर्गीय घरांत शिरली. मासे आले तसे त्यांचे रोग आले, आणि औषधांचा शोध सुरू झाला.

हीं औषधें माशांसाठीं म्हणून कोणी शोधलीं नाहींत. तीं माणसांच्या व गुरांच्या औषधांतून उसनीं घेतलेलीं आहेत. आरंभीं जुन्या वनस्पतींकडे पाहिलें गेलें. सातपुड्याच्या रानांत वाढणाऱ्या कपिल्याच्या फळांवरची तांबडी पूड आयुर्वेदांत कृमिघ्न म्हणून प्रसिद्ध आहे. तीच पूड विसाव्या शतकाच्या मध्यास रशियांत तळ्यांतील कार्प माशांना खाद्यांतून देण्यांत येई. १९६० च्या सुमारास जर्मनींत निघालेलें निक्लोसमाइड फीतकृमीवर गुणकारी ठरलें. पण तें पाण्यांत विरघळलें तर मासाच मरतो, म्हणून तें खाद्यांतच द्यावें लागे. बेल्जममधील यान्सेन यांच्या प्रयोगशाळेंत १९६६ मध्यें गुरामेंढरांसाठीं एक औषध तयार झालें. त्याच्या रेणूचीं दोन रूपें असतात, जशीं डाव्या व उजव्या हाताचीं. त्यांतील डावें रूप कृमीवर अधिक प्रभावी ठरलें, तेंच लेव्हामिसोल. १९७० नंतर जर्मनींतच प्राझिक्वांटेल निघालें, आणि फीतकृमींवर त्याच्या तोडीचें औषध दुसरें उरलें नाहीं.

लेव्हामिसोलची क्रिया मोठी कौतुकाची आहे. तें कृमीला विष घालून मारतें असें म्हणण्यापेक्षां त्याचे स्नायु आखडवून टाकतें, असें म्हणणें अधिक बरोबर. आखडलेल्या कृमीची आंतड्यावरील पकड सुटते, आणि मासा त्याला विष्ठेवाटे बाहेर टाकतो. मासा औषध न खातांहि तें पाण्यांतून त्याच्या अंगांत शिरतें, हा या औषधाचा मोठा गुण. कारण फार खंगलेला मासा खातच नाहीं. दर लिटर पाण्यास सुमारें २ मिलिग्रॅम औषध व चोवीस तासांचें स्नान, हें प्रमाण पशुवैद्यांत रूढ आहे. मात्र नेमकी मात्रा माशाच्या जातीप्रमाणें व औषधाच्या शुद्धतेप्रमाणें पशुवैद्याकडूनच ठरवून घेणें इष्ट. फीतकृमि असेल तर त्याजागीं प्राझिक्वांटेल. म्हणजे दोऱ्यासारखा गोल कृमि व फीतीसारखा चपटा कृमि यांचीं औषधें निराळीं आहेत. एकाचें दुसऱ्यास देऊन फळ मिळत नाहीं. तसेंच, जें गुरांना चालतें तें माशांना चालेलच असें नाहीं. ज्या शोधाबद्दल २०१५ मध्यें नोबेल पारितोषिक दिलें गेलें, तें आयव्हरमेक्टिन मनुष्यास व जनावरांस वरदान ठरलें. पण माशांच्या बाबतींत त्याची गुणकारी मात्रा व घातक मात्रा यांत अंतर इतकें थोडें आहे कीं, तें पेटींत ओतणें म्हणजे रोग्यासहित रोग नाहींसा करणें होय.

एवढीं औषधें हाताशीं आल्यावर प्रश्न सुटला असें वाटणें साहजिक आहे. परंतु येथेंच इतिहास थांबवून विचार करावयास लावतो. ज्या नारूची उकल माशाच्या कृमीमुळें झाली, त्या नारूवर आजतागाईत एकहि खात्रीचें औषध निघालेलें नाहीं, आणि तरीहि तो भारतांतून समूळ गेला. १९८३–८४ मध्यें राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हां महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता, आणि वर्षाकांठीं सुमारें ४०,००० रोग्यांची नोंद होत होती. कार्यकर्त्यांनीं गांवोगांव फिरून रोगी शोधले, फोड आलेल्या माणसाला पाण्यांत उतरूं दिलें नाहीं, पायविहिरी बुजविल्या अगर आडांत पालटल्या, हातपंप बसविले, सायक्लॉप्स मारणारें औषध पाण्यांत टाकलें, बायकांना पाणी गाळण्याचीं फडकीं दिलीं. भारतांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. काडीवर गुंडाळून हजारों वर्षें जें साधलें नाहीं, तें पाणी गाळून बारा-तेरा वर्षांत साधलें. अपकर्षण हरलें, निदानपरिवर्जन जिंकलें.

घरांतल्या पेटीला हाच न्याय लागू आहे. औषध घातलें, तांबडे धागे गळून पडले, मासा हुशारला, आणि मालक निश्चिंत झाला, कीं तीन आठवड्यांनीं धागे पुन्हां दिसूं लागतात. याचें कारण असें कीं, कृमि गळतांना त्याच्या पोटांतील जिवंत पिलें तळाच्या वाळूंत पडलेलीं असतात. पेटींत सायक्लॉप्स असतील तर तीं त्यांत शिरतात. नसतील तरीहि सुटका नाहीं. नॉर्वेतील संशोधकांनीं २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, हा कृमि सायक्लॉप्सवांचूनहि माशांतून माशांत सरळ जाऊं शकतो, आणि अशा कांहीं पिढ्याहि काढूं शकतो. शेंकडों वर्षें दोन घरांत राहणाऱ्या या जीवानें मनुष्याच्या कांचेच्या पेटींत एका घरावरच संसार चालविण्याची विद्या साधली. म्हणून पेटींतील सगळ्याच माशांना औषध द्यावें लागतें, आजारी दिसणाऱ्या एकट्याला नव्हे. औषधानंतर तळाची घाण नळीनें शोषून काढावी लागते, पुष्कळसें पाणी बदलावें लागतें, आणि दोन-तीन आठवड्यांनीं तोच विधि पुन्हां करावा लागतो. नवा मासा मुंबईच्या बाजारांतून आणलेला असो कीं शेजाऱ्यानें प्रेमानें दिलेला असो, त्याला चार आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवून मगच पेटींत सोडावा. डबक्यांतून अगर गटारांतून आलेलें जिवंत खाद्य वर्ज्य करावें. एका पेटीची जाळी दुसऱ्या पेटींत बुडवूं नये. आणि थोडें थोडें, वारंवार, अंदाजानें औषध घालण्याचा मोह टाळावा. मेंढ्यांच्या कळपांत अशाच अर्धवट उपायांनीं लेव्हामिसोलला न जुमानणारे कृमि उत्पन्न झालेले आहेत.

आणखी एक गोष्ट खानदेशांतील गृहस्थांनीं विसरूं नये. चांगदेवाजवळ तापी-पूर्णेचा संगम होतो, आणि त्याच्या खालच्या अंगास हतनूरचा जलाशय पसरलेला आहे. कंटाळून अगर दया येऊन कित्येक लोक पेटींतले आजारी मासे नदींत, तळ्यांत अगर विहिरींत सोडून देतात. त्यांत माशावर दया होत नाहीं, आणि नदीवर मात्र अन्याय होतो. परक्या मुलखांतला कृमि आपल्या मरळ-मांगुरांना देण्याचा तो मार्ग आहे. जपानांत १९३४ मध्यें वर्णिलेला एक फीतकृमि गवत्या माशाच्या पैदाशीबरोबर अनेक खंडांतील नद्यांत असाच पोंचला, आणि तेथून त्याला परत कोणी काढूं शकलें नाहीं.

नारूची कथाहि अजून पूर्ण मिटलेली नाहीं. १९८६ मध्यें जगांत दरसाल सुमारें पसतीस लक्ष माणसांना होणारा हा रोग २०२२ मध्यें अवघ्या तेरा माणसांत उरला. पण आफ्रिकेंतील चाड देशांत २०१२ पासून तो कुत्र्यांत आढळूं लागला. तेथील नदीकांठचीं कुत्रीं माशांचीं फेकलेलीं आंतडीं खातात, आणि सायक्लॉप्स गिळलेले मासे व बेडूक यांतून कृमि कुत्र्यांत जात असावा असा संशोधकांचा कयास आहे. म्हणून तेथील कोळ्यांना माशांचीं आंतडीं पुरून टाकण्यास शिकविलें जात आहे. लॉयकार्टनें दीडशें वर्षांपूर्वीं माशाच्या आंतड्याकडे बोट दाखविलें होतें. शेवटच्या झुंजींत शास्त्राला पुन्हां तेथेंच यावें लागलें.

दीपनगरच्या त्या खिडकींतील पेटीकडे या दृष्टीनें पाहिलें तर ती केवळ शोभेची वस्तु राहत नाहीं. तिच्यांत तळें आहे, विहीर आहे, गांव आहे. मुलाला दिसलेल्या तांबड्या धाग्यावर औषध आहे, आणि तें अवश्य द्यावें. मुक्या जिवाचे क्लेश दूर करण्यास उशीर लावूं नये. परंतु औषधाची पुडी फोडणाऱ्या हातानेंच गाळणीचें फडकेंहि जवळ ठेवावें. रोग्याच्या पोटांतला कृमि काढणें हें वैद्याचें काम. तो पुन्हां घांसांतून जाऊं न देणें हें घरधन्याचें.